खालाची साखरखेर्ड्याची नणंद

आमच्या डोणगावात स्वतःचं मनगट स्वतःच्या मालकीचं आहे असं म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. कोपरापर्यंतचा हात आपला, तिथून पुढचा खालाचा. खाला म्हणजे आमच्या गावात बांगड्या भरणारी. मशिदीजवळच्या बोळात तिचं घर, घराच्या ओट्यावर तिचं दुकान आणि दुकानात सुतळीत ओवून टांगलेल्या काचेच्या बांगड्या. तिला नाव आहे, आधार कार्डावर ते छापलेलंही असणार, पण माझ्या आईपासून माझ्या लेकीपर्यंत सगळ्यांची ती खाला, म्हणजे मावशीच. तिच्याकडे जाऊन माप सांगायची सोय नाही. हात पुढे करायचा आणि गप्प बसायचं. ती अंगठ्याखालचा उंचवटा दाबणार, बोटांची पेरं एकेक चाचपणार आणि न बोलता बरोबर मापाची बांगडी उचलणार. शेजारच्या घरात पुण्याहून नवी सून आली होती. तिने भाबडेपणाने "मला सव्वादोनच्या द्या" असं सांगितलं, तर खालाने तिचा हात अलगद तिच्या मांडीवर परत ठेवला. "मंग तूच भर वं बाई. मी चहा पिऊन येतो," म्हणाली आणि खरोखरच आत जाऊन चहा पिऊन आली. सून बिचारी ओट्यावर बसून राहिली. पण त्या दिवसापासून तीही आमच्यातली झाली.

बांगड्या भरताना खाला हाताकडे कधी बघायचीच नाही. तिची नजर आपल्या तोंडावर, तोंड सुरू, आणि खाली तिची बोटं आपलं काम करीत असायची. हात जितका आखडलेला, तितका तिचा प्रश्न खमंग. मऊ हाताच्या बायकांना "पोरं कशी हायेत?" एवढ्यावर भागायचं. माझ्या मोठ्या जावेचा हात मात्र लाकडासारखा, तिचा स्वभावही फार वेगळा नाही. एकदा बांगडी पेरांवर अडून बसली. खाला एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "तुही जाऊ तुह्याबद्दल असं म्हणते, ते खरं हाय का वं?" "काय म्हणते?" म्हणून जाऊ जी ताठ झाली, ती स्वतःचा हात विसरूनच गेली, आणि सगळ्या बांगड्या सरकन मनगटात. मी काय म्हटलं होतं हे जावेला आजतागायत कळलेलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर दोन दिवस आमच्यात अबोला होता, तो मात्र खरा.

हातांशी तिचं नातंच वेगळं होतं. बाईला ती एक माणूस धरायची आणि बाईच्या दोन हातांना आणखी दोन. "तुहा उजवा गरीब हाय, पण डावा लय खट," असं ती मला सांगायची आणि डाव्याला वर एक चापट द्यायची. बाळंत होऊन आलेल्या मुलीच्या हाताला ती आधी विचारायची, "काऊन रे, जेवून नाही राह्यला का?" बांगडी फुटली असं तिच्यापुढे म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे सगळ्याच बायकांना ठाऊक आहे. खाला मात्र ही रीत जगातल्या एकूण एक मोडतोडीला लावायची. तिचा चष्मा वाढायचा, मेहकरची एस.टी. रस्त्यात वाढायची, आणि एकदा तर नातवाची बारावी वाढली. भरताना बांगडी वाढली तर तिचा तोटा बांगडीवालीने सोसायचा असतो. पण तोट्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिचा सगळा तोरा एकाच गोष्टीचा होता. नवरीचा हिरवा चुडा भरताना तिच्या हातून आजवर एकही बांगडी वाढलेली नव्हती. माझा चुडा तिनेच भरला. जाऊ आणि मी दोघी गावातल्याच लेकी, गल्ली बदलून सासरी आलो, त्यामुळे जावेचाही तिनेच भरला. माझ्या लेकीचं लग्न येत्या वैशाखात करायचं ठरलं, तेव्हा हॉल कुठला आणि आचारी कोण यावर घरात बरीच भांडणं झाली, पण चुडा कोण भरणार हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

याच्या आधीच केव्हातरी खालाला साखरखेर्ड्याची नणंद फुटली होती. आधी ती कधी ऐकण्यात नव्हती, आणि एकाएकी रोज बोलण्यात यायला लागली. "माह्या नणंदेच्या बोटाले मुंग्या येतात वं. पहाटे तं हात झटकत उठते. कायचं असंन?" खाला प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची. मग कधी नणंदेचे सांधे धरायचे, कधी अंगठा बधिर व्हायचा, कधी हातातला पेला सुटून जायचा. आता सांगायला हरकत नाही. ही नणंद कुठेच नव्हती. साखरखेर्डा आहे, चांगलं बाजाराचं गाव आहे, पण त्या गावात खालाची कोणी नणंद कधीही राहिली नाही. मुंग्या खालाच्याच बोटांना येत होत्या. ज्या बोटांवर सगळ्या गावाची मनगटं होती तीच बोटं बधिर होत चालली, हे बाहेर फुटलं तर आपल्यापुढे हात कोण करणार, या भीतीने तिने आपलं दुखणं एका नसलेल्या बाईला देऊन टाकलं होतं.

आणि आमचं गाव तर अशा संधीची वाटच बघत असतं. दुखणं दुसऱ्याचं असलं की आम्ही सगळे डॉक्टर. माझ्या जावेने वात आहे असं ठणकावून सांगितलं आणि वांगं, दही, चवळी बंद करायला लावलं. कोणी म्हणालं, मोबाइल हातात धरून हे होतं. कोणी मानेतली गादी सरकली म्हणालं, कोणी कॅल्शियम, कोणी सोयाबीनच्या तेलावर खापर फोडलं. औषधाच्या दुकानातल्या माणसाने लाल गोळ्यांचं एक पाकीट दिलं. आठवडी बाजारात तेल विकणाऱ्याने एक बाटली दिली, तिचा वास पुढच्या बाजारापर्यंत बोळात रेंगाळला. खाला सगळ्यांचं मन लावून ऐकायची. "सांगतो तिले," म्हणायची. आणि घरी जाऊन सगळंच्या सगळं स्वतःवर करायची, कारण सांगणारीचं मन मोडणं तिच्या रक्तात नाही. तांब्याचं वळं झालं, मिठाच्या पाण्याचा शेक झाला. शेजारणीने पूर्वेला डोकं करून झोपायला सांगितलं. तशाने पाय पश्चिमेला होणार, आणि काब्याकडे पाय करून खाला कशी झोपेल? शेवटी दोन्ही बाजूंचा मान राखून ती खोलीत तिरपी झोपायला लागली आणि पहाटे उठणारी तिची सून रोज तिला अडखळायला लागली. वऱ्हाडात राहून तिने वांग्याची भाजी सोडली, यावरून तरी आम्हाला संशय यायला हवा होता. आम्ही मात्र दर आठवड्याला विचारायचो, "खाला, नणंदेले फरक पडला का?"

याच सुमारास गावात सांधेदुखीची साथ आली. झालं असं की मी एका सणाला बांगड्या भरायला गेले, तर खाला माझा हात दाबून म्हणाली, "हात सुजले वं पोरी तुहे," आणि नेहमीच्या सव्वादोनऐवजी तिने मला अडीचच्या भरल्या. जावेला तेच सांगितलं. पुण्याच्या सुनेला तेच. महिन्याभरात निम्म्या गावाचे हात सुजले. खालाने एकदा सांगितल्यावर शंका कोण काढणार? माप सांगायची आमची रीतच नाही. सूज आहे म्हटल्यावर मग दुखायलाही लागलं. मला जिना चढताना गुडघा जाणवू लागला, पुण्याच्या सुनेच्या बोटांना मुंग्या आल्या, जावेच्या तर सगळ्याच अंगाला आल्या. कोणी जारच्या पाण्यावर ठपका ठेवला आणि गावातल्या बायका पुन्हा पाणी उकळून प्यायला लागल्या. इकडे बांगड्या आपल्या ढळढळत होत्या. मी शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की त्या खळकन कोपरापर्यंत जायच्या आणि पोरं हसायची. जावेची एक बांगडी कणकेत सापडली, दुसरी थेट भाऊजींच्या भाकरीत. तरीही सूज आहे हे आम्ही सोडलं नाही. उलट बांगड्या गळायला लागल्या, म्हणजे अशक्तपणाही आला असेल, असा जावेने निष्कर्ष काढला.

शेवटी दिवाळीनंतर आम्ही दोघी जावा मेहकरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आमचे हात उलटेसुलटे करून पाहिले, बोटं दाबली, मुठी वळायला लावल्या. "सूज कुठे आहे?" त्या म्हणाल्या. मी अभिमानाने सांगितलं की सव्वादोनच्या होत्या, आता अडीचच्या लागतात. त्यांनी माझा हात नुसता वर धरला. बांगड्या कोपरावर जाऊन आदळल्या. "या तुम्हाला लागत नाहीत, या पडतात," त्या म्हणाल्या. "माप कोण ठरवतं?" आम्ही खालाचं नाव सांगितलं. त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. "त्यांची बोटं चांगली आहेत ना?"

आम्ही परतीच्या एस.टी.त बसलो. मग जाऊ एकदम म्हणाली, "अवं, खालाच्या नवऱ्याले तं बहीणच नव्हती. पाच भावांत बहीण नाही म्हून तिची सासू रडे, हे माही आई सांगे." ही बाई गावातल्या प्रत्येक घराची नाती तोंडपाठ सांगते, आणि इतके दिवस त्या नणंदेला वांगं बंद करायला लावत होती. मला आणखी एक गोष्ट आठवली. चुड्याचं सांगायला मी गेले होते तेव्हा खालाने नीट उत्तर दिलंच नव्हतं. आधी म्हणाली, वैशाखात दुसरबीडला जायचं आहे. मग म्हणाली, कंबर धरली आहे. मग म्हणाली, "मेहकरहून कोनाले आनजो ना, त्यायच्याकडे नव्या तऱ्हेचे चुडे असतात." मला तेव्हा राग आला होता. आता त्याचा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर गेले. हात पुढे केला नाही, तिचेच दोन्ही हात धरून बसले. "खाला, तुह्या नणंदेले डॉक्टरकडे न्यायचं हाय. चाल."

 तिने हात सोडवून घेतले आणि पदरात लपवले.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनंच नाही. तुह्याच बांगड्यायनं."

ती सुतळीतल्या बांगड्या उगाच मागेपुढे करीत राहिली. मग म्हणाली, "लागतच नाही वं मले. काच हाय का कपडा हाय, उमगत नाही. मांगच्या महिन्यात एका पोरीच्या लुगड्याले रक्त लागलं तवा समजलं का माहं बोट कापलं. म्हून मोठ्या मोठ्या भरल्या तुमाले. लहान भरली अन हातात घुसली तं?" आणि मग तिला रडू आलं. "तुह्या पोरीच्या हातात वाढली तं काय तोंड दाखवू मी? दुसरी आन बाई. माहे हात मेले."

खालाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तिला रागावले. रागावणं मला जमतं. मुंग्यांवर गल्लीचा सल्ला चालतो, डॉक्टर चालत नाही का, असं बरंच काही बोलले, आणि त्याच आठवड्यात तिला मेहकरला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटावर आतल्या बाजूने बोटाने टकटक केली, तशी खाला ओरडली, "करंट मारते बाई ही!" मग त्यांनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं. असं होण्याची कारणं पुष्कळ असतात. साखर वाढलेली असते, एखादं जीवनसत्त्व कमी पडतं, मानेत नाहीतर मनगटात नस दाबली जाते, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावते, संधिवात असतो. कधी एकाचंच काम असतं, कधी दोघंतिघं मिळून करतात. बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही, तपासावं लागतं. खालाचं रक्त तपासलं, हातांच्या नसाही तपासल्या. थायरॉईड बरंच मंदावलेलं निघालं, तोंडा-हातांवर सूज त्यानेच आली होती, सांधेही त्यानेच धरले होते. आणि आयुष्यभर लोकांचे हात दाबून दाबून मनगटातली नसही दाबली गेली होती, त्यात या सुजेची भर पडली. सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि झोपताना मनगटाला पट्टा, असं सुरू झालं. खालाला हे न्यायाचं वाटलं नाही. "हात दुखते अन गळा गुन्हेगार!" ती बोळात सगळ्यांना सांगत सुटली. वांगं मात्र तिने त्याच संध्याकाळी खाल्लं, तेही भरलेलं.

हळूहळू फरक पडला. चेहऱ्यावरची सूज उतरली, सांधे सुटले, पहाटेचं हात झटकणं थांबलं. पण अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं काही नीट जागी झाली नाहीत. मनगटाचं लहानसं ऑपरेशन करावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी सगळी जाण परत येईलच असं नाही, आपण उशिरा आलात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खालाने ऑपरेशन लग्नानंतर करू म्हटलं, आणि चुडा भरायला पुन्हा नाही म्हटलं. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात भीती होती. नवरीच्या हातात बांगडी वाढणं मी शिकवणारी बाई असूनही मनाला लावून घेतलं असतं. शेवटी लेकच एकटी तिच्या ओट्यावर जाऊन आली. "वाढली तर वाढली, आपण दुसरी भरू, असं सांगितलं मी तिला," एवढंच तिने घरी येऊन सांगितलं. आणि चुड्याच्या दिवशी खाला आली. इस्त्रीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हिरव्या बांगड्यांचा डबा छातीशी धरून आली.

आतल्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्या डोणगावच्याच लेकी, कोणी गावातच दिलेल्या, कोणी लग्नासाठी माहेरी आलेल्या. खालाने लेकीचा हात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हाताकडे बघताना पाहिलं. एक शब्द बोलली नाही. चष्मा पुढे ओढून, करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाने चाचपत ती एकेक बांगडी पेरांवरून नेत होती. मध्येच विचारायची, "दुखते का बेटी? सांगजो." लेक नाही म्हणायची. पाच-सहा बांगड्या चढल्या. मला जरा श्वास आला. आणि पुढच्या बांगडीला कट असा आवाज झाला.

दोन तुकडे लेकीच्या मांडीवर पडले. खोली चिडीचूप झाली. खालाचा हात तसाच अधांतरी राहिला, तिचा चेहरा पार उतरला.  मी काहीतरी बोलायला हवं होतं, ती आई म्हणून माझीच जागा होती, पण बोलली ती माझी जाऊ. जिच्या तोंडून कधी कोणाला गोड शब्द ऐकू आला नाही, ती. तुकडे आपल्या पदरात उचलून घेत ती रोजच्याच करकरीत आवाजात म्हणाली, "काऊन बसल्या वं अशा? चुड्यातली एक वाढावीच लागते. दृष्ट निघते पोरीची. माह्या चुड्यात नोती का वाढली?"

 मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "हाव, माहीबी वाढली होती." "माह्या तं दोन वाढल्या." "माह्या बहिनीचीबी." पुण्याची सून, जिचा चुडा इथे भरलाच नव्हता, तीही दाराशी उभी राहून म्हणाली, "आमच्याकडेही असंच असतं."

खालाने मान वर केली आणि एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या सूनबाईंना सोडलं तर तिथल्या एकूण एक बाईचा चुडा तिनेच भरला होता, आणि एकीचीही बांगडी वाढली नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाव," ती म्हणाली. "रीतच हाय ते. मीच इसरलो होतो."

तिने चष्मा पुसला, डब्यातून पुढची बांगडी उचलली आणि लेकीचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला. चुडा पुरा व्हायला दुपार कलली. बाहेर जेवणं खोळंबली होती, पाट-पानं मांडून झाली होती. पण चला म्हणून कोणी उठलं नाही.